तोंडात मावणारी बॅटरी

आता डोक्याला बांधायच्या एलईडी बॅटऱ्या मिळतात. माझा मुलगा तीच बांधून खाडीत उतरतो. मी पहिली बॅटरी घेतली तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं, पण असलं काही बाजारात नव्हतं.

ठाण्याजवळ बाळकुमला आमच्या आळीतली माणसं चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडायला दिवेलागणीच्या ओहोटीला जायची. अंधारलं की चिंबोरी बिळातून बाहेर येते. उजेड अंगावर पडला की जागीच थबकते. तेवढ्यात तिला लोखंडी आकडीने दाबायची आणि मागून धरायची. दोन्ही हात त्यातच जातात. नवऱ्याची कंबर गेली, तो घरी बसला, म्हणून मी धाकट्या दिराबरोबर जाऊ लागले. गॅसबत्ती त्याची, ती धरायचं काम माझं. चिंबोऱ्या तो पकडायचा. आळीची रीत अशी होती, की ज्याची बत्ती त्याने आधी निवडायचं. तो मांसाने भरलेल्या सगळ्या उचलायचा आणि पोकळ माझ्या टोपलीत टाकायचा. पोकळ चिंबोरी गिऱ्हाईक नुसती हातात घेतं आणि परत ठेवतं. आमची चूल त्या टोपलीवर पेटत होती. मी ठरवलं, बत्ती आपली पाहिजे.

दिराला सांगितलं तर तो हसला. "वहिनी, बाईमाणूस एकटं चिखलात जाणार? आणि माझी बत्ती कोण धरणार?"

त्याची खरी अडचण दुसऱ्या वाक्यात होती.

ठाण्याच्या बाजारात मासळी विकून झाल्यावर मी एका दुकानात गेले. दुकानदाराने तीन सेलची स्टीलची बॅटरी काढली. "ही घ्या मावशी. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उजेड पडतो."

मी हातात तोलून बघितली. जड होती. आमच्यात जड ती भरलेली, तीच चांगली. चिंबोरीसारखीच मी ती पारखली आणि घेऊन आले.

घरी कमरेला टोपली बांधली. एका हातात आकडी, दुसरा धरायला मोकळा. बॅटरी कुठे धरायची? काखेत धरली आणि वाकले. उजेड मागे गेला, तो थेट खाटेवरच्या नवऱ्याच्या तोंडावर.

"मला पकडायला निघालीस काय?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परत त्याच दुकानात गेले.

"काय झालं? पेटत नाही?"

"पेटते. धरायला हात नाही. बारीक सेलची दाखव. आणि प्लास्टिकची. ही खाऱ्या पाण्यात गंजेल."

त्याने कुरकुरत तीन-चार काढून ठेवल्या. मी एक पदराने पुसली आणि दातांत धरली. दुकानातली गिऱ्हाइकं खो-खो हसली.

"अहो मावशी, चॉकलेट नाही ते!"

"कळतं मला. ही जबड्याला बोचते. दुसरी दे."

दुसरी गुळगुळीत होती, सटकली. तिसरीच्या अंगाला खाचा होत्या, दात बरोबर बसले. ती तोंडात धरून मी तिथेच, दुकानात, कमरेत वाकले. उजेड माझ्या पायांपुढे पडला, ताटाएवढा.

"हिने लांबचं काही दिसणार नाही," दुकानदार म्हणाला. "मग परत याल."

मी बॅटरी तोंडातून काढली. "लांबच्या चिंबोरीशी मला काय करायचंय? पायाजवळची दिसली की झालं. ही दे."

त्याने जड बॅटरी परत घेतली. माझ्या दातांच्या खुणा उमटलेली बारीक बॅटरी दुसऱ्या कोणाला विकता आली नसती, त्यामुळे ती देण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

त्या संध्याकाळी ओहोटी लागली. पाणी शिरू नये म्हणून मी बॅटरी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली, दोऱ्याने आवळली, दोऱ्याचं टोक गळ्यात अडकवलं आणि खाडीत उतरले. गुडघाभर चिखल. जबडा दुखत होता, लाळ गळत होती. पहिली चिंबोरी निसटली. दुसरीने अंगठा धरला. तिसरी मी धरली. हातातच कळलं, भरलेली आहे. टोपलीत टाकली. निवडणारं कोणी नव्हतं.

काठावर दीर बत्ती पेटवून एकटाच उभा होता. एका हातात बत्ती, दुसऱ्या हातात आकडी, चिंबोरी धरायला हात नाही.

"वहिनी! अगं वहिनी! बत्ती धरायला ये ना!"

माझ्या तोंडात बॅटरी होती. मला बोलता येत नव्हतं. मी वाकलेलीच राहिले आणि पुढच्या बिळाकडे सरकले.