मागे ऐकू येतंय का?

भाड्याची खोली गेली तर दादा कुणाला सांगणारही नाही, एक दिवस गुपचूप सामान बांधेल. ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही.

माझा हा थोरला भाऊ नगरपालिकेच्या सभागृहात माइक सांभाळतो. माझ्या मुलांनी त्याचं नाव हॅलोमामा ठेवलंय, कारण घरचा फोन उचलला तरी तो आधी त्यावर टिचकी मारून बघतो. नागरिकांच्या सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. लाल दिवा लागला की दादा बटण दाबतो आणि आवाज बंद, मग समोर फेरीवाला असो की नगरसेवकाचा जावई. असाच एक जावई एकदा अंगावर आला, "मला ओळखलं नाही का?"

"ओळखलं की," दादा म्हणाला. "म्हणून तर बंद करेपर्यंत आवाज चांगला ठेवला होता."

किमान वेतनाचा नियम झाला त्या सभेतही माइक त्याच्याकडेच होता. नियम दिवसभर राबणाऱ्यांना लागू झाला. संध्याकाळपुरता येणारा दादा त्यातून वगळला गेला. मी चिडले, तर म्हणाला, "अगं, मी ऐकत कुठे होतो? खरखर येत होती, ती काढत होतो." जन्मभर त्याने लोकांचे आवाज ऐकले, शब्द नाहीत.

आता भाडेनियंत्रणाचा नियम बदलतोय. जिथे एकच माणूस राहतो, त्या खोल्यांना भाड्याची मर्यादा उरणार नाही. आईच्या आजारपणात दादाचं लग्न राहिलं ते राहिलंच, आणि ती गेल्यापासून तो त्या खोलीत एकटा आहे. माझ्याकडे ये म्हटलं की हसतो. "बहिणीकडे पाहुणा चार दिवस गोड. पाचव्या दिवशी तूच माझं बटण दाबशील."

मागच्या गुरुवारी यावर सभा होती. मी हट्टच धरला, म्हणून त्याने बोलणाऱ्यांत नाव दिलं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुढे येऊन बोला, आवाजाचं मशीन शिपाई बघेल."

"नको बाई, मशीनला माझ्या हाताची सवय आहे," म्हणत तो माइक घेऊन मशीनपाशीच उभा राहिला. "हॅलो, हॅलो. मागे ऐकू येतंय का?"

"येतंय, बोला आता!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्याला पटेना. त्याने एक बटण फिरवलं, माइक किंचाळला. दुसरं फिरवलं, आवाज घुमायला लागला. लोक हसत होते आणि तो मान खाली घालून खरखर काढत होता. अखेर आवाज स्वच्छ झाला. घसा खाकरून तो म्हणाला, "आमची आई त्या खोलीत..." आणि लाल दिवा लागला. त्याच्या बोटाने बटण दाबलं.

"अहो काका, स्वतःचंच बंद केलंत!"

सगळं सभागृह हसलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "असू द्या, पूर्ण करा."

माइकशिवायचा त्याचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "नको. सगळ्यांना तेवढाच वेळ."

परतताना तोच म्हणाला, "शेवटी आवाज काय स्वच्छ आला होता, नाही?"

तेव्हापासून ते वाक्य मी मनात पुरं करतेय. आमची आई त्या खोलीत गेली आणि तिची सेवा करणारा एकटा उरला, हा काय त्याचा गुन्हा?

येत्या गुरुवारी या नियमावर सभागृहात मतदान आहे. त्याआधी नागरिकांना पुन्हा बोलू देतील, पण एकदा बोललेल्याला नाही. आज लेकीला फोनवर हे सांगताना मला रडू आलं. ती म्हणाली, "आई, मी जेवले की नाही यावर तू अर्धा तास बोलतेस. तिथे तीन मिनिटं जमणार नाहीत?"

सकाळी नगरपालिकेचं ऑफिस उघडलं की पहिला फोन माझा असेल, बोलणाऱ्यांत माझं नाव घाला म्हणून. दादाला आधी कळवणार नाही. तो नको म्हणेल. लाल दिवा लागला की तो मलाही बंद करणार, यात शंकाच नाही. म्हणून सुरुवातच आईपासून करायची.