लाँचच्या केबिनमधल्या गाद्या

तुमच्या मामाने मला रविवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर वास गेला नाही, तर गाद्या कबाडीवाल्याकडे.

तुमचे आजोबा रत्नागिरीला लाँच चालवायचे. ती भंगारात निघाली तेव्हा केबिनमधल्या या दोन निळ्या गाद्या तेवढ्या त्यांनी मागून घेतल्या. ते गेल्यावर मी त्या इथे जयपूरला, मामाच्या बनी पार्कच्या घरी आणल्या आणि माझ्या खोलीतल्या बाकावर घातल्या.

यंदाच्या पावसाळ्यात त्यांवर पांढरे ठिपके दिसले. कोकणात बुरशी आली की वस्तू वाऱ्यावर ठेवतात, म्हणून मी दोन्ही गाद्या कूलरसमोर उभ्या केल्या. आठवड्यात ठिपक्यांची काळी लव झाली. कूलरचा वारा ओला असतो, हे एवढं शिकून-सवरून माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझीच.

"आई, मतलब, नव्या आणतो ना!" मामा नाकाला रुमाल लावून म्हणाला.

"लहानपणी लाँचमध्ये याच गादीवर तू ओकला होतास. तेव्हा तुला नाही टाकून दिलं."

मग मी गच्चीवर गेले. बुरशी घरात झटकायची नाही, ती उडून दुसरीकडे बसते. तोंडाला फडकं बांधलं, खोळी काढल्या, कोरड्या ब्रशने लव झाडली. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून आधी एका कोपऱ्याला लावून पाहिलं. रंग गेला नाही. मग सगळीकडे लावलं, तासाभराने पुसलं. फोम आणि खोळी वेगवेगळ्या वाळवल्या. ढग आले की आत, ऊन आलं की बाहेर. तीन दिवस हेच. "अहो आई, गुडघे!" सूनबाई जिन्यातून ओरडायची. गुडघे माझे होते.

रविवारी मामाने गादीला नाक लावलं. दोनदा हुंगलं.

"वास नाहीये. पण डाग राहिलाय."

मी माझा हात त्याच्यापुढे धरला. "इथेही डाग आहेत. मलाही देतोस कबाडीवाल्याला?"

तो हसला नाही. दोन्ही गाद्या उचलून त्यानेच खाली नेल्या आणि बाकावर घातल्या. "मग कूलर तरी बंद ठेव."

"कूलर तुझ्या खोलीत ने. गाद्या इथेच राहतील."

सध्या मी हातपंख्याने वारा घेते. डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा यांच्यावरच झोपायचं आहे. डाग असलेली बाजू वर ठेवली आहे.