खालून वर वाचणारे सुधाकरराव

सुधाकररावांचा राग म्हणजे तापल्या तव्यावरचं पाणी. चर्र झालं की उडून जायचं. नावाच्या बाबतीत मात्र माणूस भारी कडक. ते शिकवायचे त्या वर्गात कुणी पोरानं सोबत्याचं नाव अर्धवट लिहिलं की संपलंच. "अरे, माणूस पुरा हाये ना तो? मंग नाव अर्धं काऊन?"

त्याला कारण होतं. आदिलाबादेतल्या एका छापखान्यात सुधाकररावांनी सव्वीस वर्षं कम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवल्या. नोकरी नवी असताना त्यांच्या हातून एका पत्रिकेत नवरदेवाच्या आत्याचं नाव राहून गेलं. आत्याबाई रुसल्या त्या रुसल्याच. हळदीला नाहीत, लग्नाला नाहीत. नवरदेव पाया पडायला गेला तर दार लावून बसल्या. हे सुधाकररावांना इतकं लागलं की त्यांनी स्वतःची एक रीत बसवून घेतली. पत्रिका छापायला सोडण्याआधी लाकडी पट्टी घ्यायची आणि खालून वर एकेक ओळ वाचत जायचं. वरून वाचलं की डोळा सवयीनं पुढं पळतो, खालून वाचलं की अडखळतो आणि चूक सापडते. फक्त सगळ्यात वरची ओळ ते वाचत नसत. तिथं "॥ श्री गजानन प्रसन्न ॥" असायचं, मागच्याच पत्रिकेतून तसंच पुढं आलेलं. सव्वीस वर्षांत तिथं काना-मात्रेचा फरक पडला नाही, मग वाचायचं कशाला?

पुढं पत्रिका फोनवरच फिरायला लागल्या आणि छापखान्याला कुलूप लागलं. दोन महिने सुधाकरराव घरी बसून बायकोला, जयवंताबाईंना, भाजी कशी चिरावी ते शिकवत होते. शेवटी जयवंताबाईंनीच हात जोडले, "बाहीर कुटं तरी जा, बापा!"

तेवढ्यात उत्तमराव भेटले. तलमडुगुच्या पुढं एका खेड्यातल्या हायस्कुलाचे ते हेडमास्तर. त्यांच्या शाळेला दहा कम्प्युटर मिळाले होते, पण शिकवायला माणूस नव्हता.

"तुमी कम्प्युटरवालेच ना?"

"मी पत्रिकावाला हाये, सार. वेबसाइट-फिबसाइट मले येत नाही."

"तर शिका. पोरं बी शिकूनच राह्यले."

एका वर्षाच्या बोलीवर नेमणूक झाली. हैदराबादेत नोकरी करणारी लेक वल्लरी रोज संध्याकाळी फोनवरून बापाला धडा द्यायची आणि तोच धडा दुसऱ्या दिवशी सुधाकरराव नववीला द्यायचे. पोरांपुढं एकच दिवस होते बिचारे! पोरांनीही हे ओळखलं होतं. ती मुद्दाम पुढचं विचारायची, आणि सार डोळे मोठे करून म्हणायचे, "उद्या सांगतो. आज तुमच्या डोक्यात मावणार नाही."

पण शिकवायचे झकास. वेबसाइटच्या पानाचे रकाने कसे पाडायचे हे कुणाला उमजेना, तेव्हा त्यांनी सगळा वर्ग शाळेमागच्या वावरात नेला. कपाशी गुडघ्याला लागली होती. उभ्या-आडव्या रेघा मारून, रेघ रेघेला कापते तिथंच बी टाकलेलं, त्यामुळं कुठूनही पाहा, ओळ सरळच दिसे. "पाहा. आदी रेघा, मंग बी. आदी रकाने, मंग फोटो. तुमी फोटो आदीच फेकून राह्यले, म्हणून पीक दाटलं." कापसाच्या घरची पोरं ती, त्यांना आणखी काय सांगायचं? रुपा नावाच्या पोरीनं त्याच दिवशी पान नीट मांडून दाखवलं.

गोम एवढीच की प्रत्येक पान लग्नपत्रिकेसारखं दिसायचं. माथ्यावर गजानन प्रसन्न, कोपऱ्यात कलश, कडेनं गुलाबाची वेल, लाल-पिवळी अक्षरं. गुरूच तसा, चेले काय वेगळं करणार! वल्लरीनं फोनवर पाहिलं आणि खो खो हसली. "बाबा, हे पान आहे की मांडव?" सुधाकररावांनी रागानं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला गुमान वेली काढायला लावल्या.

मग नववीनं शाळेचं पान करायला घेतलं. नियम एकच, कुणाचं नाव राहता कामा नये. दुपारचं जेवण रांधणाऱ्या दोघी बाया, घंटा वाजवणारा शिपाई, शाळेला जागा देणारे म्हातारे पांडुरंगराव, वर्गातली एकोणतीस पोरं, सगळी नावं पुरी. महिनाभर पोरं त्यात गुंतली होती.

फेब्रुवारीत उत्तमरावांनी सुधाकररावांना ऑफिसात बोलावलं. त्यांच्या हातात कागद होता.

"शुक्रवारी जिल्ह्याहून साहेब येऊन राह्यले. कम्प्युटरचा वर्ग पुढं चालवाचा का बंद कराचा, ते पाहून ठरवतीन. तुमच्याजवळ त्याचं सर्टिफिकेट नाही, हे मी लपवू शकत नाही, सुधाकरराव."

"लपवू नका," सुधाकरराव म्हणाले, आणि बाहेर येऊन नळावर उगाच तोंड धुतलं. त्यांना हा वर्ग हवा होता. छापखाना सुटला तेव्हा नुसता कंटाळा आला होता, हा सुटला तर जीव तुटणार होता. पोरांना त्यांनी काही सांगितलं नाही. पण एवढ्याशा शाळेत काय लपतं? मधल्या सुट्टीपर्यंत नववीला सगळं कळलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी साहेब यायच्या आधी त्यांनी पान उघडलं. लाकडी पट्टी पडद्याला लावली आणि खालून वर वाचायला घेतलं. बाया होत्या. शिपाई होता. पांडुरंगराव, एकोणतीस पोरं, सगळे गुरुजी, उत्तमराव. पट्टी वरच्या ओळीखाली येऊन थांबली. त्यांनी पुन्हा खालपासून सुरुवात केली, ह्या खेपेला हळू. नाव नव्हतं. सगळ्यांची होती, एक त्यांचंच नव्हतं.

आता ह्यात वाईट वाटण्यासारखं काय? सव्वीस वर्षांत एका तरी पत्रिकेवर त्यांचं नाव छापलं होतं का? असं त्यांनी स्वतःला समजावलं, पण पटलं नाही. त्या आत्याबाईंनी दार का लावून घेतलं होतं, ते आज त्यांना कळलं. मागं वर्गातला नागेश उभा होता, त्याच्यावर ते उगाच खेकसले, "बटन वर कर शर्टाचं!" नागेशानं बटन लावलं आणि तोंड फिरवून हसला.

साहेब आले. तेलुगू बोलणारे, पण हिंदीमुळं अक्षरं वाचता येत होती. रुपानं पान मोठ्या पडद्यावर उघडलं. साहेबांनी चार लोक वाचतात तसं वरून वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला त्यांना हसू फुटलं.

"॥ श्री सुधाकर सार प्रसन्न ॥," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "ये कौन से भगवान हैं भई?"

एकोणतीस बोटं एकदम सुधाकररावांकडं वळली.

सुधाकररावांनी पडद्याकडं पाहिलं आणि ते असे भडकले की साहेबांचंही भान राहिलं नाही. "रुपे! देवाच्या जागी माणसाचं नाव? काऊन केलं हे?"

"सार, तुमीच सांगतलं होतं, वरची ओळ तुमी वाचत नाही म्हणून," रुपा घाबरत, पण स्पष्ट बोलली. "दुसरीकडं कुटं टाकलं असतं तं तुमी कटवलं असतं. मंग साहेबाले कसं समजलं असतं, आमाले कोणी शिकवलं ते?"

सुधाकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. उत्तमराव खिडकीबाहेर पाहत राहिले. मग साहेबांनी रुपाला शेजारी बसवून तासभर प्रश्न विचारले, हे कसं केलं, ते कसं केलं. ती थांबली की दुसरं कुणीतरी सांगायचं. सुधाकररावांना एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. निघताना साहेबांनी शाळेच्या वहीत शेरा लिहिला, वर्ग चालू ठेवावा, शिकवणारा हाच ठेवावा. आणि हसत म्हणाले, "लेकिन वो ऊपर की लाइन हटा दीजिए।"

गाडी गेली. रुपानं विचारलं, "सार, कटवू?"

"कटव. देवाची जागा देवाले दे."

"अन् तुमचं नाव?"

सुधाकररावांनी पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पत्रिकेवर तिथं छापखान्याचं नाव असतं. "इथं टाक. बारीक अक्षरात."

रुपानं टाकलं, पुरं नाव. सुधाकररावांनी पट्टी घेतली, सवयीनं पानाच्या तळाशी लावली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलंच नाव त्यांचं होतं.