तळव्याची परीक्षा

उकळत्या पाण्यात सुई हलू लागली की तांब्याच्या भांड्यातून एक बारीक, किणकिणता नाद निघतो. जुन्नरच्या दवाखान्यात, हिवाळ्यातल्या सकाळी, कार्बोलिकच्या उग्र दर्पात तो ऐकताना मला पूर्वी केवढा उल्हास वाटे! मुंबईहून वैद्यकीचे शिक्षण संपवून मी नुकतीच आले होते, आणि कण्यात औषध टोचून केवळ कमरेखालचा देह बधिर करण्याची नवी विद्या मला खुणावत होती.

पण त्या विद्येत मतभिन्नता तरी किती! माझ्याजवळच्या पुस्तकांतला जर्मन ग्रंथकार रोग्याला बसवून सुई घाली, फ्रेंच त्याला कुशीवर निजवी, औषधाची मात्रा देशागणिक बदले. आणि इंग्रज सर्जन या साऱ्याकडे साशंकतेने पाहत पुन्हा क्लोरोफॉर्मची बाटली उचली. मनुष्याचा कणा सर्वत्र एकच, मग रीती इतक्या का असाव्यात? हा पसारा आवरून एकच निश्चित पद्धत सिद्ध करावी आणि मुंबईच्या डॉक्टरमंडळींपुढे तिच्यावर निबंध वाचावा, असा माझा संकल्प होता. त्यासाठी या साऱ्या रीतींचा मी एक तक्ता केला होता; त्यातल्या एकाच रकान्यात सारे देश एकमुखाने बोलत: बधिरता आली की नाही, हे तळपायाला टाचणी टोचून पाहावे.

तळेघरची ठकू डोलीतून आली. तिच्या नडगीच्या हाडात पू झाला होता; हाड फोडून तो काढला नाही तर पाय जाणार, हे उघड होते. दम्यामुळे क्लोरोफॉर्म धोक्याचा.

"पाय ऱ्हाईल ना, बाई? एका पायावर भात कसं लावू?" तिने विचारले.

"दोन पाय व्हते तवा तरी कुठं लावत व्हतीस? बांधावर टेकायलाच बघायचीस!" सोबत आलेली नणंद गंगू म्हणाली.

"गप गं! तुज्या वाट्याची रोपं कुनी लावली?" ठकू हसली. सुईनंतर काहीही दुखणार नाही, असे मी तिला ठासून सांगितले.

सुई टोचली, ठरलेली मिनिटे मोजली, तळव्याला टाचणी लावली. काही कळले का? "न्हाई." पुन्हा टोचली. "न्हाई, बाई." मी टिपणात 'पूर्ण बधिरता' असे लिहिले आणि सुरी घेतली. ठकू तोंडात पदर कोंबून निश्चल पडली होती, आणि ती निश्चलता मी माझ्या पद्धतीचे यश मानले! छिन्नीचा पहिला घाव हाडावर बसताच तिने पाय ओढून घेतला आणि तिची शुद्ध हरपली. पदर रक्ताने भिजला होता; ओठ चावून फुटला होता.

तेव्हा कुठे मी तो तळवा डोळे उघडून पाहिला. जन्मभर डोंगरवाटा अनवाणी तुडवून खुरासारखे कठीण झालेले ते कातडे! टाचणी त्या जाडीतच थांबत होती. औषध लागू पडलेच नव्हते. पुस्तकांतल्या रोग्यांना जन्मापासून जोडे ठाऊक होते, एवढी साधी गोष्ट कोणत्याच रकान्यात नव्हती; आणि माझी दृष्टी रकान्याबाहेर गेली नव्हती.

शुद्धीवर आल्यावर ठकूने पुन्हा हात लावू दिला नाही. पुढे पुण्यात तिचा पाय गुडघ्यावरून कापावा लागला.

काही महिन्यांनी मी तळेघरला गेले. ती ओट्यावर बसून नाचणी पाखडत होती. तेव्हा ओरडली का नाहीस, असे मी विचारले.

"तुमी म्हनला व्हता, दुखायचं न्हाई. मला वाटलं, इतकं तर व्हनारच, मलाच सोसंना." मग सूप थांबवून तिने विचारले, "दुसऱ्या बायांना खरंच दुखत न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

शास्त्रदृष्ट्या उत्तर अचूक होते. ठकूने मान खाली घातली. तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. चूक माझी होती, एवढे एकच वाक्य बोलायचे उरले होते. मी तिची जखम तपासली, ती छान भरली आहे असे सांगितले, आणि उठले.