दल्लोतचा दुसरा सवाल

मुलगी फिलिपिनो मुलाशी लग्न करणार म्हणाली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्यांच्यात सगळे नर्सच असतात का. बावळटासारखा प्रश्न, पण विचारला खरा. इतकी वर्षं अमेरिकेत, या बॉथेल गावात राहून माझी माहिती तेवढीच होती.

मुलाचे वडील हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी कथा लिहितात. इलोकानो भाषेत. तिकडच्या एका साप्ताहिकाला पाठवतात. फोनवर मी कौतुकानं म्हटलं, वा, टागालोगमध्ये लिहिता, तर गृहस्थ चक्क चिडले. टागालोग मनिलाकडची, आमची इलोकानो उत्तरेची, आमचे लेखक वेगळे, कवनं वेगळी, आणि जगाला वाटतं मनिलात छापलं तेवढंच फिलिपिनो साहित्य. मी नागपूरची. पुण्याच्या बायकांनी माझं मराठी जन्मभर दुरुस्त केलंय. त्यामुळे हा राग मला ताबडतोब कळला आणि माणूस आवडला.

फोन मात्र वेगळ्याच कारणासाठी होता. पुढच्या रविवारी ते रीतसर मागणी घालायला येणार होते आणि मुलाची आजी दल्लोत म्हणणार होती. दल्लोत म्हणजे त्यांच्याकडे लग्न ठरवताना गातात तो सवाल-जबाब. मुलाकडचं वडीलधारं माणूस कवनातून विचारतं, मुलीकडच्यानं उत्तर द्यायचं. भाषा कुठलीही चालेल, तुमच्या मुलीनं इंग्रजी करावं, मी पुढे इलोकानो करीन, असं त्यांनी सांगितलं. आई फारशी शिकलेली नाही, पण घरातली खरी लेखिका तीच, मी नुसता कागदावर उतरवतो, असंही म्हणाले.

मी मनात म्हटलं, हात्तिच्या, म्हणजे उखाणाच की. मंडळाच्या हळदीकुंकवाला उखाण्याचं बक्षीस मी तीनदा घेतलंय. नवरा चार माणसांत खोकायलाही लाजतो, तेव्हा बोलायचं मलाच. आठवडाभर डिशवॉशर लावताना मी दोन ओळी घोटल्या.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच्या दोन वर्षं आधीच्या दिवाळीला मुलीनं या मुलाला घरी बोलावलं होतं. हिंमत असेल तर ये आणि आईबाबांना भेट, असं सांगून. तो सांगितल्यापेक्षा तासभर लवकर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. ती वर न्हात होती. दार मी उघडलं, आणि मुलगा आपल्यातला नाही, एवढंच मला दिसलं. मी म्हटलं, ती घरी नाही, आणि तू आज येऊ नकोस असं सांगून गेली आहे. तो डबा माझ्या हातात देऊन, सॉरी म्हणून गेला. मुलगी संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून होती. दोघंही हट्टी, कोणी फोन केला नाही. चार महिने बोलणं बंद होतं. माझी पोर त्या चार महिन्यांत वाळली, आणि मी तिला गरम पोळी वाढत म्हणत होते, जाऊ दे गं, असतात मुलं अशी.

पुढे ते भेटले. तू का आला नाहीस असं तिनं विचारलं, तेव्हा माझं खोटं त्याच्या लक्षात आलंच असणार. पण त्यानं तिला सांगितलं, मी घाबरलो. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं. मी तेव्हाही गप्प बसले. त्या मुलानं माझ्यासाठी स्वतःला भित्रा म्हणवून घेतलं होतं, याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटायची म्हणून तो समोर आला की मी आणखीच फटकून वागायची.

रविवारी ते आले. नूडल्सचे ट्रे, केळीच्या पानातला भात, नऊ-दहा माणसं. आजी एवढीशी. पायात पांढरे स्नीकर्स. सोफ्यावर बसली, आणि गप्पा चालू असतानाच अचानक गायला लागली. आवाज चिरका, लांबवत नेणारा. मुलाच्या वडिलांनी अर्थ सांगितला. तुमच्या अंगणात फुललेलं झाड दिसतंय, त्याला कुंपण आहे का?

मी ऐटीत उभी राहिले. बॉथेलच्या अंगणात फुलली चेरी, लेक आमची लाडाची, आता तुमच्याही घरी. मुलीनं इंग्रजी केलं, टाळ्या पडल्या. आजीनं टाळी वाजवली नाही. ती काहीतरी पुटपुटली आणि मुलाचे वडील जरा अवघडून म्हणाले, ती म्हणते, हे आधीच शिजवून ठेवलेलं आहे. चांगलं आहे, पण मी विचारलं त्याचं हे उत्तर नाही. दल्लोतमध्ये पाठ केलेलं चालत नाही म्हणे, समोरच्याचा सवाल ऐकून तिथल्या तिथे जुळवायचं. मी चांगलीच ओशाळले.

मग दुसरा सवाल आला.

"एक पाखरू तुमच्या दारी आलं होतं. तुम्ही म्हणालात, झाड रिकामं आहे. झाड रिकामं होतं का?"

त्यांच्याकडची माणसं माना डोलवायला लागली. वडिलांनाही ही आईची नेहमीची कल्पनाच वाटली. मुलगा तेवढा बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे सांगितलं होतं त्यानं, फक्त आजीला. आधी मला संताप आला. चोमडा मेला. मग आजीकडे पाहिलं, तर ती शांतपणे वाट बघत होती. तिनं मला चार लोकांत उघडं पाडलं नव्हतं. सुटायला वाट ठेवली होती. झाडही तुमचं नि पाखरूही तुमचं, अशी ओळ माझ्या जिभेवर तयारही होती. पुन्हा टाळ्या पडल्या असत्या. मुलगी माझ्याकडे बघून हसत होती, बोल ना आई म्हणून. आता ती ओळ म्हटली असती तर ते खोटं दोन्ही घरांसमोर कायमचं पक्कं झालं असतं, आणि तेही तिच्याच तोंडून.

मी म्हटलं, "झाड रिकामं नव्हतं. ती वर न्हात होती. मी त्याला खोटं सांगून परत पाठवलं."

मुलीनं सवयीनं इंग्रजी करायला सुरुवात केली. झाड रिकामं नव्हतं, इथपर्यंत आली. ती वर न्हात होती, इथे थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तू तर घाबरलो म्हणाला होतास, असं ती त्याला म्हणाली. मग उरलेलं वाक्य तिनं पूर्ण केलं, कुणा तिऱ्हाइताचं करावं तसं, एकही शब्द न गाळता. वडिलांनी ते हळू आवाजात आजीला सांगितलं.

आजीनं मान हलवली आणि तिसरा सवाल गायला. त्यात आडपडदा नव्हता. मुलगी आम्हाला देता का?

जबाब माझा होता. हो म्हणायचं होतं, मनापासून म्हणायचं होतं. मी उभी राहिले.

"आई, बस तू," मुलगी म्हणाली. "माझ्या बाजूनं मी बोलते."

मुलाचे वडील चाचरत म्हणाले, रीत अशी नाही, नवरी स्वतः उत्तर देत नाही. आजीनं त्यांना हातानं गप्प केलं. सोफ्यावर अंग वळवलं, माझ्याकडे पाठ झाली, आणि तोच सवाल पहिल्यापासून पुन्हा तिला घातला. मी खाली बसले.