भगतमामांचा वाघदेव

भगतमामांना घाई म्हणून कशाचीच नव्हती, आणि नेमकं त्यानंच माझं पित्त खवळायचं. बारवीकडच्या ठाकरवाडीतला हा म्हातारा भगत. कुळगावच्या आमच्या शाळेत गावदेवांचं आणि शेतीजीवनाचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना माझ्या मदतीला दिलं. मुंबईला चित्रकलेची परीक्षा पास झालेलो मी! मला मदत कसली?

मामा आधी तासभर दालनात नुसते उकिडवे बसायचे. मग म्हणायचे, "मास्तर, देव भिताडाला नका लावू. देवाला चारी अंगानं वारा लागतो." उल्हासनगरच्या कॅम्पातून निळं कापड आणून मी फळीवर ओळीनं देव मांडले होते. मामांनी ते खाली घेतले. मधोमध नांगर, इरलं, भाताची कणगी; आणि ठाकरवाडीचा वाघदेव शिवेवरचा, म्हणून त्याचा लाकडी खांब दाराशी. झालं! येणारा-जाणारा पायताण काढून हात जोडायला लागला. माझ्या सुबक अक्षरातल्या माहितीच्या चिठ्ठ्या वाचतो कोण? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

उद्घाटनाला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. त्यांना पसंत पडलं तर इथं कायमचं संग्रहालय होणार आणि त्यावर माझी नेमणूक. आदल्या दिवशी दुपारी मी चाकू घेतला आणि वाघदेवावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर खरवडून काढला. खालचं कोरीवकाम दिसावं म्हणून, असं मनाला सांगितलं. खरं सांगू? मामांचा देव मला माझा करून दाखवायचा होता.

संध्याकाळी वाडीची माणसं आली आणि भडकलीच. "कोनी हात लावला?" मी चिठ्ठ्या सारख्या करायला लागलो. मामांनी शेंदराच्या खपल्या पंच्यात गोळा केल्या. "कोनी नाय. देवानं कवच टाकलंय," ते म्हणाले. शेंदूर आपोआप गळला की देव प्रसन्न झाला, असं सगळेच मानत. माणसं निवली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी साहेब खूश झाले आणि मला नेमणूक मिळाली.

प्रदर्शन संपल्यावर मामा वाघदेव घेऊन गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. महिन्यानं मी वाडीवर गेलो. अंगणात नाचणी पाखडणारी त्यांची सून हळू आवाजात म्हणाली, "बाबा आता देवाला बसत नाय. म्हनतात, देवाच्या नावानं खोटं बोललो, आता कंच्या तोंडानं कौल लावू?"

मामा मागच्या दारी दोर वळत होते. मला बघून हसले. "नोकरी झाली ना मास्तर? ब्येस झालं."

मला रडू यायला हवं होतं. वाटला तो मामांचा हेवाच. त्यांच्यासारखं सोडताना जीव तुटावा असं माझ्यापाशी काहीच नव्हतं.