गप्पांच्या बाई

सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, प्लास्टरची खोली आणि एक्स-रे यांच्या मधोमध एक चिंचोळी खोली होती. दारावर ‘मानसशास्त्र विभाग’ अशी पाटी होती, पण ती वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला गप्पांची खोली म्हणत आणि आत बसणाऱ्या बाईंना गप्पांच्या बाई. गंमत अशी, की बाई मुळातच अबोल. माहेरी पाहुणे आले की त्या आतल्या खोलीत सटकायच्या, आणि आई सगळ्यांदेखत म्हणायची, “हिच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड आणावी लागेल.”

या विषयाकडेही त्या काही ठरवून वळल्या नव्हत्या. कॉलेजात रसायनशास्त्राच्या जागा भरून गेल्या, उरलेल्या विषयांत हा एक होता, तो घेतला. पुढे इस्पितळात नोकरी लागली ती चाचण्या घ्यायची. लाकडी ठोकळे जुळवायला द्यायचे, चित्रातली चूक शोधायला सांगायची, गुण मांडायचे, दाखल्यावर सही करायची. भिंतीपलीकडे प्लास्टर कापायची करवत घरघरत असायची. बारा वर्षं बाईंनी हे काम इमानेइतबारे केलं. वाईट नव्हतं, पण संध्याकाळी घरी गेल्यावर सांगण्यासारखं त्यात काही नसे.

घरात नवरा आणि सासूबाई. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो काचा घासायचा, फ्रेमचे स्क्रू आवळायचा, आणि न बोलण्याच्या बाबतीत बाईंच्याही वरताण होता. दोघांच्या वाटणीचं सासूबाई बोलायच्या. “लोकांचं ऐकून घ्यायचा पगार मिळतो होय?” त्या सुनेला म्हणायच्या. “मग मी इतकी वर्षं तुझ्या सासऱ्यांचं फुकटच ऐकलं की गं!”

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, एका सकाळी, ध्यानीमनी नसताना, इस्पितळाच्या लाँड्रीतला बॉयलर फुटला. अख्खी इमारत हादरली. बाईंच्या टेबलावरचे ठोकळे जमिनीवर सांडले. दोन माणसं जागीच गेली, सातजण भाजले आणि बाकीचे पंधरा-वीस अंगावर ओरखडाही न उमटता बाहेर आले. अंगावर ओरखडा नाही म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी अधीक्षकांना त्यांची आठवण झाली. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, “तुमचंच काम आहे हे. बोला त्यांच्याशी.”

बाईंनी कधीकाळी वाचलं होतं, की अशा प्रसंगानंतर सगळ्यांना लवकरात लवकर एकत्र बसवावं, जे पाहिलं ते ज्याच्या त्याच्या तोंडून वदवून घ्यावं, म्हणजे मन मोकळं होतं. तेव्हा तसंच शिकवत. त्यांनी सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या आणि एकेकाला बोलायला लावलं. पाचव्या खुर्चीवर चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशी होत्या. रुंद खांद्यांच्या, खणखणीत आवाजाच्या, सगळ्या लाँड्रीला हसवणाऱ्या. गेलेल्या दोघांतली एक त्यांची जोडीदारीण. मावशी इस्त्री करायच्या, ती घड्या घालायची. अकरा वर्षं दोघींचे हात एकाच चादरीवर चालले होते. मावशींच्या शेजारचा माणूस त्या जोडीदारणीला कसं बाहेर काढलं ते सांगू लागला. बारीकसारीक सगळं सांगू लागला. बाईंनी त्याला थांबवलं नाही. मावशी ताडकन उठल्या, खुर्ची उलटी झाली, आणि त्या निघून गेल्या. त्या पुन्हा कामावर आल्याच नाहीत.

बाकीच्यांनी बाईंचे आभार मानले, अधीक्षकांनी पाठ थोपटली. पण बाईंच्या मनातून ती उलटी पडलेली खुर्ची जाईना. आपण मदत करायला गेलो आणि त्या बाईला आगीतून फुफाट्यात लोटलं, असं त्यांना वाटू लागलं. रात्री त्या भरलं ताट तसंच ठेवून उठू लागल्या. शेवटी नवऱ्याने न राहवून विचारलं, “काय झालंय?”

“मला माझं कामच येत नाही,” बाई म्हणाल्या.

त्याने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाला, “मग शीक.”

वयाच्या अडतिसाव्या वर्षी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. दर शुक्रवारी पहाटेची बस धरून शेजारच्या शहरात जायचं आणि शनिवारी संध्याकाळी परतायचं, असं दोन वर्षं. तिथे एक म्हातारे सर आघातातून गेलेल्या माणसांवरचे उपचार शिकवत. त्यांची पद्धत साधी आणि जीवघेणी होती. पेशंटची परवानगी घेऊन प्रत्येक भेट टेप करायची, आणि मग सरांसमोर बसून ती ऐकायची. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकताना बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. घरी तोंड न उघडणाऱ्या या बाई त्या खुर्चीत बसल्या की सतत काहीतरी विचारत होत्या, समजावत होत्या, धीर देत होत्या.

सरांनी टेप बंद केली. “इथे पेशंट गप्प झाली. किती वेळ?”

“बराच वेळ, सर.”

“चार सेकंद. मी मोजले. शांतता तिला जड जात नव्हती, तुम्हाला जात होती.” मग जरा हसून म्हणाले, “घाबरू नका. मला स्वतःला हे कळायला नऊ वर्षं लागली होती.”

बाई शिकल्या. घाई न करणं शिकल्या. माणसाच्या मनात तो प्रसंग भूतकाळ झालेलाच नसतो, तो रोज नव्याने घडत असतो. आधी त्याच्या पायाखाली जमीन द्यायची, मग त्याच्याच चालीने, त्याच्याच मर्जीने त्या प्रसंगाकडे परत जायचं, आणि सोबतीला आपण, हे शिकल्या. सगळ्यांत आधी हे शिकल्या, की कुणाला बळजबरीने बोलतं करायचं नाही.

परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती मावशींचा पत्ता शोधायची. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार मावशींनीच उघडलं. दोन वर्षांत त्या निम्म्या झाल्या होत्या.

“मी आत येत नाही,” बाई दारातूनच म्हणाल्या. “एवढंच सांगायला आले, की त्या दिवशी माझी चूक झाली. तुम्हाला तसं सगळ्यांसमोर बसवायला नको होतं.”

मावशींनी अर्धवट धरलेलं दार पूर्ण उघडलं. “इस्पितळातली माणसंसुद्धा चुकलो म्हणतात होय?” त्या म्हणाल्या. “या आत. पण चहा नाही मिळणार. दोन वर्षं या घरात झाकण ठेवून काही उकळलेलं नाही.”

वाफेचा फुस्स आवाज आला की मावशींच्या छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे. भाताच्या पातेल्यावर झाकण नाही, किटली माळ्यावर, आणि रस्त्यात बसचं दार हवेच्या दाबाने उघडलं तरी त्या मटकन खाली बसायच्या, म्हणून बसही बंद. नवरा बिचारा अर्धाकच्चा भात मुकाट्याने खायचा. “दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणे,” मावशी म्हणाल्या. “मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागलेय.”

मंगळवारी आणि शुक्रवारी त्या चालत गप्पांच्या खोलीत येऊ लागल्या. पहिला महिना बाईंनी बॉयलरचं नावही काढलं नाही. श्वास कसा लांबवायचा, धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर दाबून समोरच्या पाच वस्तू कशा मोजायच्या, एवढंच. मग दोघींनी मिळून भीतीची यादी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत, आणि प्रत्येकीपुढे शंभरपैकी आकडा. लाँड्रीपुढे काय लिहायचं म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, “तुमच्या काट्यावर शंभरच्या पुढे आकडेच नाहीत का हो?”

यादीत पहिली होती किटली. बाईंनी घरची शिट्टीवाली किटली आणली, शेगडीवर ठेवली, आणि दोघी तिच्याकडे टक लावून बसल्या. पाणी तापलं, किटलीने अचानक अशी किंकाळी मारली, की बाईच खुर्चीतून उडाल्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या पोट धरून हसल्या. “आता तुमचा आकडा किती लिहू?” त्यांनी विचारलं.

खरं अवघड पुढेच होतं. डोळे मिटून ती सकाळ पहिल्यापासून सांगायची, आत्ता घडतेय अशी. पुढच्या भेटीत पुन्हा. त्याच्या पुढच्या भेटीत पुन्हा. मावशी रडायच्या, चिडायच्या, एकदा तर “तुमच्या शास्त्राला लागो आग!” म्हणून निघून गेल्या आणि पुढच्या शुक्रवारी गुपचूप येऊन बसल्या. सांगता सांगता प्रत्येक वेळी त्या एकाच जागी अडायच्या. सहाव्या खेपेला ते बाहेर आलं.

“मीच पाठवलं तिला. चादरी संपल्या होत्या. मी म्हटलं, पळ गं, मागच्या खोलीतून गठ्ठा घेऊन ये. बॉयलर मागच्याच खोलीला लागून.”

बाईंच्या ओठांवर आलं होतं, की यात तुमचा काय दोष. त्यांनी ते गिळलं. पलीकडची करवत थांबली होती. खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. चार सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त.

पुढचे पाच आठवडे त्या एका वाक्याभोवती गेले. “तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?” “नव्हतं. पण असायला हवं होतं.” गाडं तिथून हलेना. बाईंनी शहरातल्या सरांना फोन केला, ते म्हणाले, “थांबा.” बाई थांबल्या. आणि एका मंगळवारी मावशी खोलीत आल्या त्या खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागल्या.

“काल भाजी चिरताना आठवलं. अहो, तीसुद्धा मला पाठवायचीच की! कितीदा पाठवलंय. एक दिवस मी, एक दिवस ती. त्या दिवशी गठ्ठा आणायला मी गेले असते आणि मेले असते, तर वरून मी तिला दोष दिला असता का? शिव्या घातल्या असत्या चार. पण दोष नसता दिला.” मग त्या बसल्या आणि रडल्या. या खेपेचं रडणं वेगळं होतं. ते मैत्रिणीसाठीचं रडणं होतं, दोन वर्षं राहून गेलेलं.

त्यानंतर लाँड्री. तिथे आता नवा बॉयलर होता, नवी भिंत, दर महिन्याला तपासणी. पहिल्या दिवशी दोघी वळणापर्यंत गेल्या, दुसऱ्यांदा दारापर्यंत. चौथ्या खेपेला मावशी आत गेल्या, यंत्राशी उभ्या राहिल्या आणि एक चादर इस्त्रीतून काढली. बाईंनी दुसरं टोक धरलं. घडी वाकडीतिकडी झाली. “तुमच्याकडून हे काम व्हायचं नाही,” मावशी म्हणाल्या, आणि ती मोडून पुन्हा घातली.

अधीक्षकांना वाटलं, आता मावशी लाँड्रीत पुन्हा रुजू होणार. पण मावशींनी शांतपणे सांगितलं, की मी आत जाऊ शकते, एवढं मला पुरे. रोज तिथे उभं राहायची माझी इच्छा नाही. त्यांनी शिवणखात्यात बदली मागून घेतली. अधीक्षक जरा हिरमुसले. बाई मात्र घरी आल्या त्या गुणगुणत. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. “आज काय, बोलायला लागली की काय आमची सून?”

हे काम अंगावर येत नाही असं नाही. पुढे भाजलेले, अपघातातले, मारहाणीतले कितीतरी लोक त्या खोलीत येऊन बसले. काही बरे झाले, काही अर्ध्यावर निघून गेले, एकाला तर बाई वाचवू शकल्या नाहीत, आणि त्याचा चेहरा त्या कधी विसरल्या नाहीत. अशा दिवशी त्या थेट घरी येत नसत. नवऱ्याच्या दुकानात जाऊन मागच्या स्टुलावर बसायच्या आणि लोकांचे चष्मे पुसून द्यायच्या. तो काही विचारायचा नाही, फक्त एक मऊ फडकं पुढे सरकवायचा. दहा-बारा चष्मे झाले की बाई म्हणायच्या, “चला.”

पुढे एका खोलीच्या चार खोल्या झाल्या, हाताखाली शिकाऊ मुली आल्या. एका दुपारी शहराबाहेरच्या रंगाच्या कारखान्यात आग लागली आणि सुटका झालेले कामगार इस्पितळाच्या अंगणात आणून बसवले. शिकाऊ मुली वह्या घेऊन धावत आल्या. “बाई, बोलायला कधी सुरुवात करायची?”

“आधी त्यांच्या पायांकडे बघा,” बाई म्हणाल्या.

निम्मे लोक अनवाणी होते; पळताना चपला मागेच राहिल्या होत्या, आणि अंगणातली फरशी उन्हाने तापली होती. “चपला शोधा. पाणी द्या. घरचा नंबर विचारा आणि फोन लावून हातात द्या. ज्याला बोलायचंय तो बोलेल, त्याच्याजवळ बसा. ज्याला नाही, त्याच्याही जवळ बसा.” शिवणखात्यातून मावशी चादरींचा ढीग घेऊन आल्या आणि कुणी न सांगता सावलीला पडदे बांधू लागल्या. संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या घरी पोचले. त्या दिवसाच्या आधारावर बाईंनी एक पानभर सूचना लिहिली, आणि पुढे प्रत्येक वॉर्डात ती भिंतीवर लागली.

त्याच वर्षी, एका रविवारी सकाळी, शेंगा सोलता सोलता सासूबाई एकाएकी म्हणाल्या, “मी काही तुझी पेशंट नाही हं.”

“नाही, आई.”

“नऊ वर्षांची होते मी. नदीला पूर आला होता. धाकट्या भावाचा हात माझ्या हातात होता.” मग त्या थांबल्या. बाईंनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या त्या बोलघेवड्या बाईने, जी जन्मभर सगळ्या विषयांवर बोलली होती, ही गोष्ट आजवर कुणालाच सांगितलेली नव्हती. दोन तास लागले. आत नवरा दुकानात जायला निघाला होता, तो दारातच थबकला आणि चपला काढून हळूच येऊन बसला. मध्येच सासूबाई म्हणाल्या, “तू काही बोलत का नाहीस गं?”

“ऐकतेय, आई.”

“हां,” त्या म्हणाल्या, आणि पुढे सांगू लागल्या. भाऊ कसा दिसायचा ते सांगितलं. त्याला शिट्टी वाजवता यायची नाही, नुसती हवा जायची, हे सांगताना त्या हसल्यासुद्धा. त्या दुपारी त्या गाढ झोपल्या, आणि उठल्यावर सगळ्या शेंगा नीट सोलल्या नाहीत म्हणून सुनेला रागावल्या.

बाई आता निवृत्त झाल्यात, पण आठवड्यातून तीन सकाळी इस्पितळात जातात. शिकाऊ मुलींच्या टेप ऐकतात. परवा एक मुलगी टेप लावायच्या आधीच रडकुंडीला आली. बाईंनी तिला आधी खुर्चीत बसवलं आणि स्वतःची चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी चूक सांगितली, गोल मांडलेल्या खुर्च्यांपासून. मुलीने डोळे पुसले. मग बाईंनी चष्मा चढवला, वही उघडली आणि म्हणाल्या, “हं. लाव आता.”